एमएस्सी केमिस्ट्रीनंतर पहिली नोकरी: सीव्हीतली ‘हँडल्ड एचपीएलसी’ ही ओळ

शेवटच्या सेमिस्टरला वर्गात तीन गट पडतात. नेटवाले, कंपनीवाले आणि ‘बघू’वाले. नेट आणि सेट (प्राध्यापकीसाठीच्या देशपातळीवरच्या आणि राज्याच्या पात्रता परीक्षा), गेट काय असतं हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. दोनच गोष्टी सांगतो. सेटने सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. संशोधनासाठी फेलोशिपचे पैसे हवे असतील तर नेटमधून जेआरएफच (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) काढावी लागते (जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं). दुसरी गोष्ट ओबीसीतून अर्ज करणाऱ्यांसाठी: नेटला आणि केंद्राच्या संस्थांना नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याचं दाखवून भागत नाही. ते आत्ताच काढा, फॉर्मची शेवटची तारीख जवळ आल्यावर नको.

‘नेट निघेपर्यंत घरी बसून अभ्यास’ हा प्रकार मला अजिबात पटत नाही. एखादा प्रयत्न तसा केला तर ठीक. पण वर्ष-दीड वर्ष प्रयोगशाळेपासून लांब राहिलात तर नेटही हुकते आणि मुलाखतीत ‘मधल्या काळात काय केलं?’ याला उत्तरही नसतं. एखाद्या संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून लागा आणि संध्याकाळी अभ्यास करा. दमायला होतं, हे खरं.

आता कंपन्यांकडे वळतो, कारण खरा सापळा तिथे आहे. औषध कंपन्यांच्या वॉक-इनला फ्रेशर्स घेतात ते बहुतेक क्यूसीत (मालाची तपासणी), क्यूएत (गुणवत्तेची हमी), प्रॉडक्शनमध्ये, नाहीतर एडीएल (तपासणीच्या पद्धती विकसित करणारी लॅब) आणि आर अँड डीत. सगळ्यांचे सीव्ही जवळपास सारखे असतात, कारण सगळ्यांनी एकाच सीनियरची फाइल घेऊन नाव बदललेलं असतं. त्यात एक ओळ हमखास असते: ‘हँडल्ड एचपीएलसी, जीसी, एनएमआर, एफटीआयआर’. म्हणजे ही यंत्रं मी स्वतः हाताळली (पहिली दोन मिश्रणातले घटक वेगळे करून मोजतात, पुढची दोन रेणूची रचना ओळखायला लागतात).

माझ्याही सीव्हीत ती होती. मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘फॉस्फेट बफर चालवून झाल्यावर पंपात थेट शंभर टक्के अॅसिटोनायट्राइल सोडलं तर काय होईल?’ मी पीकच्या (आलेखातल्या उंचवट्याच्या) आकाराबद्दल काहीतरी बोललो. आमचे नमुने दुसऱ्या संस्थेत जायचे आणि क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेला आलेख) ईमेलवर यायचा, हे त्यांना तेवढ्यात कळलं. त्यानंतर त्यांनी मला केमिस्ट्रीचं काहीच विचारलं नाही. राहायला कुठे, शिफ्ट चालेल का, एवढंच.

उत्तर साधं आहे. बफर म्हणजे क्षारांचं पाणी, आणि फॉस्फेटचे क्षार अॅसिटोनायट्राइल या ऑरगॅनिक द्रावकात विरघळत नाहीत. ते पंपात आणि कॉलममध्ये (घटक वेगळे करणाऱ्या नळीत) साका धरतात, प्रेशर चढतं आणि महागाचा कॉलम कामातून जातो. म्हणून आधी बफरऐवजी पाणी घेऊन थोड्या ऑरगॅनिकसोबत धुवायचं, क्षार निघून गेले की मग ऑरगॅनिकचं प्रमाण वाढवायचं. ज्याने एकदा जरी हाताने कॉलम धुतलाय त्याला हे झोपेतही सांगता येतं, कारण कोणीतरी त्याच्यावर ओरडलेलं असतं. प्रश्न अवघड असतो म्हणून विचारत नाहीत. मशीनसमोर उभा राहिलेला कोण आणि पीडीएफ पाहिलेला कोण, हे त्यातून दोन मिनिटांत कळतं. अशा प्रश्नांना अंत नाही: मोबाइल फेज (मशीनमधून वाहणारं द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळता? डीगॅस केलं नाही (विरघळलेली हवा काढली नाही) तर बेसलाइनला काय होतं? रिटेन्शन टाइम (पीक यायची वेळ) सरकला तर आधी काय तपासाल? पाठांतराने पहिला प्रश्न निभावतो, दुसऱ्याला उघडे पडता.

तेव्हा सीव्हीत प्रत्येक उपकरणापुढे स्वतःला विचारा: नमुना कोणी तयार केला, मशीन कोणी चालवलं, आलेला आलेख कोणी वाचला? फक्त शेवटचं तुम्ही केलं असेल तर ‘स्पेक्ट्रमचं विश्लेषण’ एवढंच लिहा. त्यात कमीपणा नाही. एमएस्सीच्या मुलाला एनएमआर चालवू देणाऱ्या जागा मोजक्याच, हे मुलाखत घेणाऱ्यांनाही माहीत असतं. पण मग विश्लेषण तरी पक्कं हवं. एनएमआरसाठी वापरतात त्या डॉयटरेटेड क्लोरोफॉर्मचा उरलेला पीक ७.२६ पीपीएमला, पाण्याचा १.५६च्या आसपास. प्रॉडक्ट शुद्ध करायच्या कॉलममधून आलेलं इथाइल अॅसिटेट नीट उडवलं नसेल तर २.०५ला सिंगलेट (एकच रेघ), १.२६ला ट्रिपलेट (तीन रेघा) आणि ४.१२ला क्वार्टेट (चार रेघा) दिसतो. ते आपल्याच प्रॉडक्टचे पीक समजून आनंदाने असाइन करणारे मी पाहिलेत.

आणि जे खरंच केलंय ते लाजून गाळू नका. टीएलसी, कॉलम, रीक्रिस्टलायझेशन, टायट्रेशन, स्टँडर्ड सोल्यूशन बनवणं: क्यूसीतल्या फ्रेशरचा बराचसा दिवस वजन करण्यात आणि डायल्यूशनमध्येच जातो. नॉर्मॅलिटीचं (द्रावणाच्या तीव्रतेचं) गणित तोंडी येत नसेल तर आधी ते करा. प्रयोगवहीही जपा. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख, खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. जीएमपीत (औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमावलीत) हा नियमच आहे, आणि कॉलेजातच हात बसलेला असला तर मुलाखतीत ते दिसतं.

हे शिकवणार कोण? गाइडकडून फार अपेक्षा ठेवू नका. ते वाईट असतात असं नाही, त्यांना वेळ नसतो. लॅबमधला पीएचडीचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी आणि इन्स्ट्रुमेंट रूम सांभाळणारे काका, हे खरे गुरू. काकांना आदल्या दिवशी विचारून नुसतं उभं राहायची परवानगी घ्या. शिफारसपत्रही ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याच्याकडूनच घ्या. विभागप्रमुखांचं ‘कष्टाळू व प्रामाणिक विद्यार्थी’ छाप पत्र कोणी वाचत नाही.

पैसे घेऊन ‘जीएमपी सर्टिफिकेट आणि शंभर टक्के प्लेसमेंट’ देणाऱ्यांपासून लांब राहा. अनुभवाचे खोटे दाखले देणारेही भेटतील, त्यांच्यापासून तर चार हात लांब. नोकरीसाठी पैसे मागितले की ती नोकरी नसते, मग समोरचा कितीही गोड बोलो. मूळ गुणपत्रिका दाखवायला न्या, पण ठेवून येऊ नका. पगार सांगतील तो सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) की हातात येणारा, हे तिथेच विचारा; विचारलं म्हणून कोणी नाकारत नाही.

काहींनी सीव्ही आधीच पाठवला असेल आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल. मुलाखतीला दुरुस्त केलेली प्रत घेऊन जा. विषय निघायच्या आधीच सांगा, ‘एचपीएलसीवर नमुने मी तयार केले, मशीन ऑपरेटरने चालवलं.’ पुढच्या वॉक-इनला मी हेच केलं. प्रश्न मग नमुना तयार करण्यावर आले, आणि त्याची उत्तरं मला येत होती.