काझिमिएश दोल्नी एका दिवसात कसं बघायचं

पोलंडला जाणारे आपले बहुतेक लोक वॉर्सा आणि क्राकोव्ह करून परत येतात, पण एक दिवस हाताशी असेल तर विस्तुला नदीकाठचं काझिमिएश दोल्नी नक्की करा. वॉर्साहून थेट बस मिळते, नाहीतर ट्रेनने पुवावीपर्यंत जायचं आणि तिथून लोकल बस. शक्यतो शनिवार-रविवार टाळा, सगळं वॉर्सा तिथेच लोटलेलं असतं.

उतरल्यावर लगेच चौकात जाऊ नका, आधी नदीवर जा. कारण हे गाव नदीनेच श्रीमंत केलंय. 16व्या-17व्या शतकात आजूबाजूचं धान्य इथे गोळा व्हायचं, मग नावांमधून ग्दान्स्क बंदराला आणि तिथून पुढे पश्चिम युरोपात जायचं. काठावरची धान्याची जुनी दगडी कोठारं अजून दिसतात, ती नीट बघून घ्या.

मग चौकात या, म्हणजे तिथले वाडे कुठल्या पैशातून उभे राहिले ते कळतं. प्शिबिवा या श्रीमंत व्यापारी भावांची 1615ची दोन घरं शेजारीशेजारी आहेत, दर्शनी भिंती नक्षीने नुसत्या भरलेल्या. एकावर संत निकोलस, दुसऱ्यावर संत क्रिस्टोफर, म्हणजे मालकांची जी नावं तेच संत. क्रिस्टोफरने बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार केली अशी कथा आहे, मला तर बघताक्षणी यमुनेतला वसुदेवच आठवला.

चौकाच्या वरच्या अंगाला चर्च आहे, आतला ऑर्गन 1620च्या सुमाराचा, पोलंडमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी. तिथून वर किल्ल्याचे अवशेष, गोल बुरूज आणि तीन क्रॉसची टेकडी. चढ दमवतो पण वरून लाल छपरं, चर्च आणि नदीचं वळण एकत्र दिसतं, त्यामुळे हे संध्याकाळच्या उन्हासाठी ठेवा.

दुपारी कोझेन्योवी दूव ही घळ करा, बूट चांगले घाला, पाऊस झाला असेल तर चिखल होतो. वाऱ्याने आणून टाकलेली बारीक पिवळी माती, त्यात शेकडो वर्षं गाड्यांची चाकं आणि पावसाचं पाणी, यानेच रस्ता खोल खोल खचत गेलाय, आणि दोन्ही बाजूंनी झाडांची मुळं उघडी पडून लोंबतात.

खायला कोंबड्याच्या आकाराचा पाव घ्या, तो इथलाच. शाकाहारी असाल तर पिएरोगी रुस्किए मागा, उकडलेल्या करंज्यांसारखा प्रकार, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात म्हणून आधीच "बेझ स्क्वार्कुव" सांगा.

आणि एक जागा अजिबात सोडू नका, चेर्न्यावीची जुनी ज्यू दफनभूमी. युद्धाआधी या गावातले निम्मे लोक ज्यू होते, 1942मध्ये नाझींनी त्यांना इथून हाकलून मृत्युछावण्यांकडे पाठवलं आणि त्यांच्या थडग्यांचे दगड उखडून फरशीसारखे अंथरले. ते फुटके दगड नंतर गोळा करून 1984मध्ये एक भिंत उभी केली, मधोमध वरपासून खालपर्यंत मोठी भेग ठेवलेली. भेगेतून पलीकडे गेलं की झाडांत काही जुनी थडगी अजून उभी दिसतात. चौकातून चालत जाता येतं, घाईत जाऊ नका. ज्यू लोकांत थडग्यावर फुलांऐवजी छोटा दगड ठेवायची रीत आहे, वाटेत एखादा उचलून बरोबर घ्या.