करंजीची मुरड, सीताफळाचे खवले : आठवणींची रेषानक्षी कशी काढावी

छोट्या चौकोनी कागदावर काळ्या पेनाने एकच आकार पुन्हा पुन्हा काढायचा आणि जागा भरत न्यायची, एवढीच ही कला. रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या मॅसॅच्युसेट्समधल्या दोघांनी तिला ‘झेंटँगल’ असं नाव आणि शिस्त दिली, म्हणून ती जगभर पोचली. आपल्याकडे चातुर्मासात देवापुढे रोज ३३ गोपद्मं काढणाऱ्या बायकांना यातलं मर्म कुणी शिकवायला नको. तोच आकार, तोच हात. विसाव्या-पंचविसाव्या गोपद्मापर्यंत डोक्यातली कलकल आपोआप खाली बसलेली असते.

नव्याने शिकणाऱ्याला मात्र हमखास एकच सल्ला मिळतो : मन मोकळं सोडा, पेन जाईल तिकडे जाऊ द्या. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. मोकळं सोडलेलं पेन फोनवर बोलताना वहीच्या कोपऱ्यात काढतो तसल्या गिरगोट्यांकडे जातं आणि पाच मिनिटांत कंटाळा येतो. मन शांत होतं ते हाताला ठरलेलं काम मिळाल्यावर. हे काम निसर्गातून आणि घरातल्या आठवणींतून कसं शोधायचं, हीच खरी अवघड पायरी. बाकीचं सगळं सोपं आहे.

साहित्य

सुमारे ९ सेंटिमीटरचा चौरस कापलेला, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, हे कागदाचं वजन) आसपासचा गुळगुळीत जाड कागद. ०.२५ मिलिमीटर रेघेचं, न फुटणाऱ्या शाईचं पेन (पिग्मा मायक्रॉनचं ०१ नंबर चालतं) आणि काळा भरायला ०५ नंबर. एक २बी पेन्सिल. हातकागद दिसायला देखणा असतो, पण त्याचे धागे बारीक टोकात अडकतात. तो इथे नको. जेल पेनही नको, तळव्याखाली शाई फासते. खोडरबर आणि पट्टी टेबलावर आणूच नका.

एकक शोधणं

मी इथे पुष्कळ दिवस अडले होते आणि शिकणारा प्रत्येक जण इथेच अडताना पाहते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेचाचं पान आवडलं की माणूस नेचाचं पान काढायला बसतो. आजीची आठवण आली की आजीचा चेहरा, नाहीतर कौलारू घर आणि अंगणातली तुळस. ते चित्र झालं. चित्र काढताना नजर सारखी विचारते, जमलं का, तसंच दिसतंय का? मग कसली शांतता? आपल्याला वस्तूचं चित्र काढायचं नाही, तिचं एकक शोधायचं आहे. एकक म्हणजे त्या वस्तूत परत परत येणारा सगळ्यात लहान आकार. तो जास्तीत जास्त चार रेघांत काढता आला पाहिजे. पाचवी रेघ लागली तर एकक सापडलेलं नाही, अजून बारीक बघा.

वस्तू शक्यतो हातात घ्या, फोटोवर जाऊ नका. फोटोत वस्तू एकाच बाजूने दिसते आणि मग तेवढंच उतरवलं जातं. सीताफळ घ्या. वरवर पाहिलं तर नुसते फुगवटे. बोट फिरवून पाहिलं की कळतं, खालचा खवला कधी वरच्या खवल्याच्या बरोबर खाली येत नाही. भिंतीतल्या विटांसारखा तो दोघांच्या सांध्यावर बसतो. झालं, एकक सापडलं : एक कमान. शेजारी शेजारी कमानींची एक ओळ काढा. वरच्या ओळीतली कमान खालच्या एका कमानीच्या माथ्यापासून सुरू करा आणि पुढच्या कमानीच्या माथ्यावर टेकवा. एका रेघेत अख्खं सीताफळ उभं राहतं. मग प्रत्येक कमानीच्या आत आणखी एक लहान कमान टाकायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

निसर्गातली एककं अशी तयारच असतात. केळीच्या पानाच्या समांतर शिरा, फणसाचे काटे, अननसाचे डोळे, बकुळीच्या फुलाची बारीक झालर. आठवणींचं तसं नाही, कारण आठवण माणसाच्या किंवा प्रसंगाच्या रूपाने येते आणि प्रसंगाला एकक नसतं. म्हणून मी शिकणाऱ्यांना विचारते, ‘त्या माणसाचे हात काय करायचे?’ आई, मावशी, आजोबा, कुणीही असो, हातांनी जे वारंवार केलं त्याची खूण कुठेतरी उमटलेली असते. गोधडीतला धावदोरा. बाजेच्या सुंभाची तिरपी वीण. टाकी लावलेल्या पाट्यावरचे ओळीने पडलेले टवके. करवतकाठी साडीच्या काठावरचे दाते. रोज ज्या काठाला धरून आपण चालायला शिकलो तो काठ डोळ्यांना पाठ असतो. आठवून काढायला घ्या, हात सांगेल.

माझं सगळ्यात लाडकं एकक करंजीची मुरड आहे, आणि सगळ्यात जास्त तीच चुकते. आई करंजीची कड चिमटीत धरून जरासा भाग आत वळवते, दाबते, मग पुढचा भाग या दाबलेल्या घडीवर थोडा चढवून परत वळवते. डावीकडून उजवीकडे. म्हणजे प्रत्येक नवी घडी आधीच्या घडीच्या वर बसते आणि शेवटची, उजवीकडची, पूर्ण दिसते. कागदावर मात्र आधी काढलेलीच वर राहते, कारण शाईखालची रेघ पुसता येत नाही. तेव्हा क्रम उलटा घ्यायचा. उजव्या टोकाची घडी आधी पूर्ण काढा, एका तिरक्या फुगीर पाकळीसारखी, दोन रेघांत. डावीकडची दुसरी पाकळी तिच्या मागून आल्यासारखी काढा आणि तिची रेघ पहिलीच्या पाठीला टेकली की थांबवा. आत शिरू देऊ नका. एकदा जरी रेघ आत शिरली तरी मुरड सपाट होते आणि नुसत्या एकमेकींत अडकलेल्या कड्या दिसतात. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी कागद उलटा फिरवून घ्यावा, म्हणजे काम डावीकडून उजवीकडे चालतं आणि तळवा ओल्या शाईवर येत नाही.

मागची रेघ पुढच्यापाशी थांबते, हा एवढा नियम हातात बसला की सुपाची वीण, शेवंतीच्या पाकळ्या, वेणीचे पेड, सगळं काढता येतं. यासाठी रद्दी कागदावर दोन-तीन संध्याकाळी घालवायला लागल्या तरी घालवा.

एकक जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे. ते काढता काढता घरातल्या कुणाशी तरी उद्याच्या भाजीविषयी बोला. हात चालू राहिला तर एकक पक्कं. बोलायला हात थांबवावा लागला तर त्यातली एक रेघ कमी करा. ही परीक्षा न देता चांगल्या कागदावर उतरू नका.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी कळकळीने सांगते. नुकतंच कुणी गेलं असेल तर सुरुवात त्यांच्या आठवणीपासून करू नका. एकाच खुणेवर अर्धा तास हात फिरवत बसलं की जे वर येतं ते एकट्याने पेलवेलच असं नाही. आधी सीताफळ, केळीचं पान असं करत हात बसवा. त्या माणसाकडे यायचं तेव्हा शेजारी कुणी असताना या, आणि वस्तू साधी निवडा. चष्मा किंवा घड्याळ निवडू नका. गोधडीचा टाका निवडा.

कागदावर

पेन्सिलने चौकोनाच्या कडा हलक्या हाताने काढा. आत एक वळणदार रेघ फिरवून तीन-चार खण पाडा. ही रेघ शेवटी दिसत नाही.

प्रत्येक खणात एक एकक. तीनपेक्षा जास्त एककं एका कागदावर नकोत, आणि त्यातलं एकच आठवणीतलं असू द्या. दोन आठवणी शेजारी आल्या की दोन्ही फिक्या पडतात. करंजीच्या मुरडीशेजारी मी नेहमी केळीच्या शिरा घेते, कारण वळणदार मुरड सरळ रेघांच्या शेजारी उठून दिसते.

सावकाश काढा. श्वास मोजणं, रेघेबरोबर श्वास सोडणं वगैरे सांगणारे पुष्कळ भेटतील. रेघ सावकाश असेल तर श्वास आपसूक संथ होतो, आणि मोजायला लागलात की लक्ष रेघेवरून उडतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्धवट कामाचे फोटो काढू नका. कुणी काय म्हणेल हा विचार एकदा आला की पुढची रेघ घाईची येते.

एखादी रेघ वाकडी गेली तर तीच वाकडी रेघ पुढच्या तीन-चार एककांत मुद्दाम घ्या. नक्षीत ती मिसळून जाते.

काळं आणि सावली

जाड पेनाने एककांमधल्या फटी काळ्या करा. निम्म्यापेक्षा कमीच. काळं जास्त झालं की नक्षी घुसमटते.

सावली २बी पेन्सिलने, फक्त जिथे एक घडी दुसरीखाली जाते तिथे. मग इअरबडने हलकेच पसरवा. शाई पूर्ण वाळल्याशिवाय पेन्सिल लावू नका.

पाठीमागे लिहिणं

तारीख, वस्तू आणि ती कुणाच्या हातची, एवढं कागदाच्या मागे पेन्सिलने लिहा. शक्य असेल तर ज्यांची आठवण आहे त्यांनाच दाखवा. मुरड बघून माझ्या मावशीने, ‘अगं, आमच्याकडे मुरड आतून बाहेर घालायचे,’ असं सांगितलं आणि मला एक नवं एकक मिळालं. लिहायला कागद पालथा घालाल तेव्हा खाली साधा कोरा कागद ठेवा आणि पेन्सिल दाबू नका, नाहीतर पुढची सावली टेबलाला लागते आणि अक्षरं नक्षीतून उमटतात.