मिक्स्ड मीडियात पानं-फुलं वापरताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात कुणी ना कुणी चित्र घेऊन येतं आणि विचारतं, "याच्यावर हे पांढरं काय आलंय?" बुरशी आलेली असते. चित्रात खरं पान असतं, वर चकचकीत वार्निश असतं आणि दोघांच्या मध्ये ओल कोंडलेली असते. मी रत्नागिरीत मिक्स्ड मीडिया शिकवते, म्हणजे रंगांबरोबर कागद, पानं, दोरा अशा वस्तू चिकटवून केलेलं चित्र. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच सांगते की पान पूर्ण वाळल्याशिवाय चिकटवायचं नाही. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक कालच तोडलेलं पान घेऊन बसलेले असतात.

मला हे इतकं का लागतं, ते सांगते. वडील गेले त्या हिवाळ्यात आमच्या दारातल्या देशी बदामाची पानं लाल होऊन गळत होती. ते रोज सकाळी ती झाडून काढायचे. मी दहा-बारा वेचली, चार दिवस वहीत दाबली आणि हाताला कोरडी लागल्यावर चित्रात लावली. फेविकॉल, वर वार्निशचे दोन हात, लगेच काच आणि फ्रेम. जानेवारीत चित्र सुंदर दिसत होतं. जुलैत देठांपाशी काळे ठिपके आले, गणपतीपर्यंत निम्मी पानं राखाडी लवेनं भरली. फ्रेम उघडली तेव्हा कागदाचा वरचा थर पानांबरोबर सुटून आला. पानाचा पातळ भाग वाळला होता, पण देठ आणि मधली जाड शीर आतून ओलीच होती. त्यात काच थेट चित्राला टेकलेली, हवा खेळायला जागाच नाही. चित्र दुसरं काढता आलं असतं, त्या वर्षीची पानं कुठून आणणार?

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवते, वर पाटा ठेवते आणि पहिला आठवडा कागद रोज बदलते. जाड शीर मागच्या बाजूनं ब्लेडनं तासून घेते. तीन आठवडे झाले की पान गालाला लावून बघते. गार लागलं तर ओल आहे, परत घडीत. कोकणात जून ते सप्टेंबर मी पानं दाबतच नाही. वर्षभराचा साठा दिवाळी ते होळी या काळात होतो. चिकटवताना फेविकॉल ब्रशनं पातळ लावते, वर बटर पेपर आणि रात्रभर वजन. वार्निशचा विचार आठवड्यानंतर. आणि काच लावायची तर मध्ये जाड माउंट, म्हणजे काच चित्रापासून लांब ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

इस्त्रीनं आणि मायक्रोवेव्हनं पान पटकन वाळतं, हे मला दर वेळी कुणीतरी सांगतं. वाळतं. बऱ्याचदा तपकिरीही पडतं आणि बोट लागताच तुटतं. ज्याला तीन आठवडे थांबवत नाही त्यानं पानाचा ठसा घ्यावा. पानाच्या मागच्या बाजूला रंग लावून कागदावर दाबायचं, ताजं पान त्यालाच उत्तम.

बाकीच्या चुका थोडक्यात. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पाच थर चढवले की तो पापडासारखा वळतो, निदान ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद किंवा पुठ्ठा घ्या. ऑइल पेस्टलवर अ‍ॅक्रिलिक लावू नका, धरत नाही, पेस्टल शेवटी. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडणारच, ते नको असेल तर झेरॉक्स वापरा. हळदीचा पिवळा उन्हात उडतो. गेरू आणि आपल्या जांभ्याची लाल माती मात्र टिकते, कारण तो रंग लोहाचा आहे. माती कुटायची, मलमलमधून गाळायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि डिंक नासू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकायचा. आणि कासच्या पठारावरचं फूल तोडून आणू नका. माझ्या वर्गात ते चिकटवू देणार नाही.

आता दुसरी मोठी चूक, आणि हिला कोणताही गोंद उपयोगी पडत नाही. भावना दाखवायची म्हणून लोक सगळंच चिकटवतात. फोटो, पत्राचा तुकडा, वाळका गुलाब, दोरा, शिंपला, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'आठवण'. दुःख असेल तर पार्श्वभूमी निळी. अशा चित्रात बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. मी एकच प्रश्न विचारते: हेच पान का? उत्तर आलं नाही तर ती वस्तू टेबलावरून उचलायला लावते.

एक मुलगी आजीच्या अंगणातली प्राजक्ताची फुलं डब्यात घालून घेऊन आली. आजीचं घर विकलं जाणार होतं. दाबल्यावर फुलांच्या पांढऱ्या पाकळ्या तपकिरी झाल्या आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, पांढरा रंग देऊन टाकू का वरून?" मी नको म्हटलं. देठांचा केशरी रंग अजून होता, पूर्वी त्यानं कापड रंगवत. तिनं उरलेले देठ ओल्या कागदावर चोळले. अंगणात सडा पडायचा तसे बारीक केशरी डाग उमटले आणि पाकळ्यांच्या जागी कागद कोरा राहिला. गुलाब, फोटो, अक्षरं काहीच नाही. हा रंग उजेडानं उडेल, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. तिनं ते चित्र काचेत घातलं नाही. कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं आहे, आजीला दाखवायला तेवढं बाहेर काढते.