उजनी धरणाच्या पाण्यात कयाक घालण्याआधी

सगळ्यात आधी शिट्टी. लाइफ जॅकेट तुम्ही घालालच. घालणार नसाल तर पुढचं वाचू नका. शिट्टी मात्र हमखास राहते. मागच्या खेपेला माझी पिशवीत होती आणि पिशवी गाडीत. वारा सुटला, जोडीदार टेकाडाआड गेला आणि मी घसा बसेपर्यंत हाका मारत राहिलो. वाऱ्यापुढे माणसाचा आवाज टिकत नाही. तेव्हा शिट्टी जॅकेटलाच बांधा, दोरी तोंडापर्यंत पोचेल एवढी ठेवा. प्रत्येकाची वेगळी, दोघांत एक चालणार नाही. आत मणी नसलेली घ्या, मणी भिजला की अडकतो. कितीदा वाजवली म्हणजे थांबायचं आणि कितीदा म्हणजे मदत हवी, हे काठावरच ठरवा.

जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे.

आता वारा. उजनीचा फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेलं पाणी, उघडा आहे, आडोसा नाही, आणि उन्हाळ्यात वळिवाचं वारं दुपारनंतर कधीही उठतं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती माणसं हौसेला निघाली नव्हती, तो त्यांचा रोजचा रस्ता होता. आपण तर हौशी. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत काठाला लागा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे येताना, हात गळालेले असताना, तोच ढकलत आणतो. उलटं केलंत की जाताना मजा आणि येताना रडकुंडी. जलपर्णीही वाऱ्याबरोबर सरकते. सकाळी मोकळी असलेली वाट परतताना हिरवीगार बंद असू शकते.

पावसाळ्यात दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून धरणात येणारं पाणी, वाढल्याची बातमी दिसली की बेत रद्द. वरच्या धरणांचं पाणी भीमेतून इथेच येतं.

पाणी किती आहे ते आधी बघा. उन्हाळ्यात पातळी फार उतरली की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, म्हणजे एरवी खाली काय काय दगड, भिंती, विहिरी असतील याचा अंदाज करा. उतरताना आधी वल्हं रोवून बघा, गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो. चप्पल नको, पट्ट्याची सँडल.

काठावरच्या मासेमारी करणाऱ्या मामांना विचारल्याशिवाय होडी घालू नका. जाळी कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक. पाण्यावर बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की वळसा. जाळं फाटलंच तर पळू नका, पैसे द्या. त्यांनाच परतायची वेळ सांगून ठेवा, घरीही कळवा. जलसंपदा विभागाच्या परवानगीची चौकशी आदल्या आठवड्यातच करा, रविवारी सकाळी नव्हे.

मोबाइल पाणबंद पिशवीत. ती पिशवी आधी नुसता कागद घालून बादलीत बुडवून बघा. मोबाइल आहे म्हणून शिट्टी काढून ठेवाल, तर तसं करू नका. ओल्या बोटांनी ११२ लावणं सोपं नाही आणि रेंजचा भरवसा नाही. हिवाळ्यात भिगवणकडे पहाटे धुकं असतं, दहा हातांवरची होडी दिसत नाही. तिथे तर शिट्टीच.

रोहित पक्षी दिसले की वल्हं थांबवा. माना वर करून एकत्र सरकू लागले म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आलात. फोटोसाठी थवा उडवू नका.

प्यायचं पाणी घरून. उजनीचं तोंडात घेऊ नका, पुणे-पिंपरीचं सांडपाणी त्यातच येतं. टोपी, गूळ-शेंगदाणे, जादा दोरी, कोरडे कपडे. कचरा परत.

घरी आल्यावर कयाक धुवा आणि कडक वाळवा. जलपर्णीचा एक तुकडा चिकटून गेला तरी पुढच्या तळ्यात ती पसरते.