गोदाकाठच्या वाळूत क्वाड रुतते? आधी हवा काढा

गंगाखेडजवळ गोदापात्रात आमची क्वाड (जाड टायरची, हँडलवाली चारचाकी बाइक) दहा हातांवर रुतायची. जितका रेस द्यावा तितकं मागचं चाक खड्डा खणायचं.

१. टायरमध्ये ४-५ पीएसआयच (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) हवा ठेवा. पंक्चरवाल्याच्या मीटरवर एवढा कमी दाब धड दिसत नाही, म्हणून कमी दाबाचा गेज जवळ असू द्या. पॅडल टायर, म्हणजे वल्ह्यासारख्या उभ्या पट्ट्यांचा टायर, निव्वळ वाळूसाठी. काळ्या मातीच्या पांदीतून जायचं असेल तर नकोच.

२. इंजिनाकडचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान करा. मागचं तीनेक दात मोठं केल्याइतका जोर मिळतो, तोही स्वस्तात.

३. ऑइल डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलंच घ्या, म्हणजे ऑइलात बुडालेला क्लच घसरू न देणारं बाइकचं ऑइल. आम्ही कारचं उरलेलं ओतलं अन् क्लच घसरायला लागला.

हवा ४-५ पीएसआयहून कमी केली तर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो.