सगळ्यांना वापरता येईल अशी वेबसाइट कशी बनवावी

एका ओळीचा कोड टाकला की साइट दिव्यांगांसाठी सुलभ होते, असं सांगून विकली जाणारी विजेट्स घेऊ नका. दृष्टिहीन माणसाकडे त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आधीपासूनच असतो. तो अडतो तुमच्या एचटीएमएलपाशी, म्हणजे पानाच्या मूळ कोडपाशी, आणि सदोष एचटीएमएल वरून काही चिकटवून सुधारत नाही.

सोपी कामं आधी उरकून घ्या. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणाचं गुणोत्तर) किमान ४.५:१ ठेवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पान २०० टक्के मोठं करून काही कापलं जात नाही ना, ते पाहा. प्रत्येक इनपुटला, म्हणजे माहिती भरायच्या चौकटीला, खरं लेबल द्या. प्लेसहोल्डर, म्हणजे चौकटीतला फिकट सूचक मजकूर, हे लेबल नव्हे; टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो. चूक दाखवायला नुसती लाल चौकट पुरत नाही, काय चुकलं ते शब्दांत लिहा. माहिती देणाऱ्या चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडर वाचेल असं चित्राचं वर्णन, लिहा, निव्वळ शोभेच्या चित्राचा ऑल्ट रिकामा ठेवा. पानाची भाषा एचटीएमएलच्या लँग (lang) ॲट्रिब्यूटमध्ये नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचू शकतो.

आता कीबोर्ड. मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते इथेच, आणि बऱ्याच साइट्सही इथेच नापास होतात. माउस बाजूला ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप आणि बाणांच्या कळा एवढ्यावरच साइटवरचं मुख्य काम शेवटपर्यंत करून बघा.

पहिला अडथळा लागतो तो डिव्हला (div, स्वतःचा काही अर्थ नसलेला टॅग) क्लिक जोडून केलेल्या बटणाचा. टॅब तिथे थांबत नाही, एंटरने काही होत नाही आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. मग कोणी रोल (हे बटण आहे असं सांगणारी नोंद), टॅबइंडेक्स (टॅबला तिथे थांबवणारी नोंद) आणि कळांचा कोड जोडत बसतं. कशाला? बटन टॅग हे सगळं मुळातच देतो. एरिया (ARIA), म्हणजे रोलसारख्या स्क्रीन रीडरसाठीच्या जादा नोंदी, हा शेवटचा उपाय आहे, आणि चुकीचा एरिया नसलेल्या एरियापेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट, सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘आउटलाइन: नन’ (outline: none) लिहिलेली प्रत्येक ओळ शोधा. फोकसची, म्हणजे कीबोर्ड सध्या कशावर आहे ते दाखवणारी, चौकट काढली की कीबोर्डवाल्याला आपण पानावर कुठे आहोत हेच कळत नाही. चौकट आवडत नसेल तर सीएसएसमधला फोकस-व्हिजिबल (:focus-visible) वापरून स्वतःची ठळक चौकट आखा, पण ती दिसलीच पाहिजे.

सगळ्यात अवघड प्रकरण पॉपअपचं. तो उघडला की फोकस आत गेला पाहिजे, मागचं पान टॅबच्या हाती लागता कामा नये, एस्केपने तो बंद व्हावा आणि फोकस ज्या बटणावरून आत आला तिथेच परतावा. हे सगळं हाताने लिहायच्या भरीस पडू नका. डायलॉग टॅग घ्या आणि तो शोमोडल (showModal) या त्याच्याच आज्ञेने उघडा; या चारही गोष्टी ब्राउझर सांभाळतो. एक खाच मात्र उरते. समजा, यादीतल्या ओळीचं ‘काढून टाका’ बटण दाबलं, पॉपअपमध्ये ‘होय’ म्हटलं आणि ती ओळ बटणासकट गेली. आता फोकस परतणार कुठे? अशा वेळी पुढच्या ओळीवर किंवा यादीच्या शीर्षकावर तो तुम्हीच न्यायचा. शीर्षक निवडलंत तर त्याला टॅबइंडेक्स उणे एक द्यावा लागतो, एरवी शीर्षक फोकस घेत नाही.

यानंतर स्क्रीन रीडर लावा. विंडोजवर एनव्हीडीए मोफत मिळतो. ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर असतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक. पडदा झाकून फक्त ऐका. आपोआप तपासणारी साधनं चालवाच, पण चित्राबाबत ऑल्ट आहे की नाही एवढंच ती सांगतात. ऑल्टमध्ये ‘फोटो ३’ लिहिलेलं असलं तरी ती बिनदिक्कत पास करू शकतात.

शेवटी रोज स्क्रीन रीडर किंवा कीबोर्डवर काम करणाऱ्यांना मानधन देऊन बोलवा. त्यांना काम सांगा आणि मध्ये बोलू नका. ते जिथे थबकतील ती जागा लिहून घ्या आणि दुरुस्ती तिथूनच सुरू करा.