टायमर लावूनही डाव रखडतोय? या चुका टाळा

मुंबईत बोर्ड गेमचा डाव जमवणं हेच मुळात वेळेशी झटापट. एक जण डोंबिवलीहून येणार, एक बोरिवलीहून. दादरच्या घरी चौघं टेकेपर्यंत साडेचार वाजतात आणि साडेसातपासून कोणाची तरी लोकलसाठी चुळबुळ सुरू होते. त्यात एखादा पत्ते हातात धरून समाधी लावतो, म्हणून टायमर येतो. तो यावाच. पण बहुतेक घरांत तो भलत्याच गोष्टीचा वेळ मोजतो, आणि मग खेळापेक्षा टायमरवरूनच जास्त वाजतं.

सगळ्यात मोठा घोळ वाळूच्या घड्याळाचा. पिक्शनरी या चित्रं काढून शब्द ओळखायच्या खेळाच्या डब्यातलं एक मिनिटाचं घड्याळ उचलून कॅटानला, म्हणजे मालाचे पत्ते जमवून, अदलाबदल करून रस्ते आणि शहरं बांधायच्या खेळाला, लावतात. पहिल्याने वीस सेकंदांत टर्न आटोपली आणि पुढच्याने घड्याळ उलटं केलं, तर त्याला मिनिट मिळत नाही. खाली वीस सेकंदांचीच वाळू पडली होती, तेवढीच आता वर आहे. म्हणजे आधीचा जितका चटपटीत, तितका पुढचा कात्रीत! वाळू पूर्ण पडेपर्यंत थांबलात तर वाचलेला वेळ पाण्यात. चित्रं काढायच्या किंवा शब्द ओळखायच्या खेळात बहुधा अख्खं मिनिट वापरलं जातं, तिथे हे घड्याळ चालतं. बाकी ठिकाणी फोन बरा.

फोन घेतला तरी प्रत्येक टर्नला सारखाच वेळ देऊ नका. फासे टाकले, हाती काही लागलं नाही, तर ती टर्न दहा सेकंदांत संपते. रस्ता बांधायचा की शहर, हे ठरवायला दोन मिनिटंही कमी पडतात. बुद्धिबळवाल्यांनी यावर केव्हाच उपाय काढला: 1883 च्या लंडनच्या स्पर्धेत जोडघड्याळ आलं आणि प्रत्येकाच्या एकूण वेळाचा हिशोब वेगळा झाला. पुढे बुद्धिबळाचा माजी जगज्जेता बॉबी फिशरने प्रत्येक खेळीमागे काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचं पेटंट घेतलं. बुद्धिबळाच्या जागतिक रॅपिड, म्हणजे झटपट डावांच्या, स्पर्धेत आज प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी 15 मिनिटं आणि खेळीमागे 10 सेकंद मिळतात.

घरीही हेच करा. हातात दोन तास असतील तर मांडामांड आणि नियम सांगण्यात वीस मिनिटं जातात, सौदेबाजी आणि चहात आणखी वीस. उरली ऐंशी, म्हणजे चौघांना वीस-वीस. चार-सहा जणांसाठीची चेस क्लॉकची, म्हणजे अशा बुद्धिबळाच्या घड्याळाची, मोफत अ‍ॅप्स मिळतात.

सौदेबाजी वेगळी का काढली? कारण कॅटानमध्ये खरी लबाडी तिथे चालते. तुम्ही म्हणता, ‘वीट दे, गहू घे.’ समोरचा म्हणतो, ‘थांब जरा, बघतो,’ आणि सावकाश पत्ते चाळत बसतो. वेळ तुमचा जातोय ना, त्याचं काय बिघडतं! सौदा सुरू झाला की सगळ्यांची घड्याळं थांबवा आणि बोलणीपुरतं ते वाळूचं घड्याळ उलटं करा. मिनिट संपलं, बाजार बंद. नियमाची शंका निघाली तरी घड्याळ थांबवायचंच.

वेळ संपल्यावर काय करायचं, हे आधी ठरवा. वाद पेटल्यावर ठरवलेला नियम हरणाऱ्याला कधीच पटत नाही. टर्न बुडवण्याची शिक्षा मला पसंत नाही. सहा जणांच्या डावात बिचारा अर्धा तास नुसता वेफर्स खात बसतो. अक्षरं जुळवून शब्द बनवायच्या स्क्रॅबलच्या स्पर्धांमध्ये प्रत्येकाला 25 मिनिटं असतात आणि वर जाणाऱ्या दर मिनिटाला 10 गुण कापतात. गुण मोजायच्या खेळात हा दंड घरीही चालेल. मात्र मामी पहिल्यांदाच खेळत असतील तर त्यांना पहिला डाव टायमरविना खेळू द्या.

फोन फ्लाइट मोडवर टाका, स्क्रीन आपोआप बंद होणार नाही असं सेटिंग करा. नाहीतर ऐन रंगात घरून ‘निघालास का?’ असा फोन येतो आणि कोणाचे किती सेकंद गेले यावर चौघांची चार मतं पडतात. टिकटिक बंद ठेवा, शेवटच्या दहा सेकंदांना एक बीप पुरे. आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवा. सगळ्यात उतावळ्या गड्याच्या हाती दिलात तर तो दुसऱ्याची सोंगटी पटावर टेकायच्या आत बटण दाबतो.